ओळंबेकाका

बंगळुरात बिऱ्हाड थाटून आठवडा होत नाही तोच एक वाक्य कानात घर करतं : "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि." थोडं सांभाळून घ्या. दोघांच्या बाकावर तिसरा बसायला येतो तेव्हा हे वाक्य, घरमालक भाडं वाढवतो तेव्हा हे वाक्य, कबूल केलेल्या तारखेला माल तयार नसतो तेव्हाही हेच. एवढं अवाढव्य शहर या तीन शब्दांच्या वंगणावर चालतं. आणि याच शहरात, पीण्या औद्योगिक क्षेत्रात, एक गृहस्थ असे आहेत की हे वाक्य ऐकलं की ते खिशातून वही काढतात आणि विचारतात, "किती मिलिमीटर?"

पीण्यातली आम्ही चार मराठी माणसं त्यांना ओळंबेकाका म्हणतो. आडनाव अर्थातच वेगळं आहे. वडील कोल्हापुरात गवंडी होते. त्यांचा पितळी ओळंबा काका अजून बाळगून आहेत. आणि तो कुठे, तर चांगल्या मोटारीपेक्षा महाग असलेल्या लेझर स्कॅनरच्या पेटीत, फोममध्ये मुद्दाम कोरून घेतलेल्या खळग्यात. विमानतळावरच्या तपासणीत दरवेळी स्कॅनर निमूट पुढे सरकतो आणि ओळंबा अडवला जातो. हे काय आहे, असं जवानाने विचारलं की काका सांगतात, "ह्यो मूळ पुरुष. पेटीतला बाकीचा सगळा ह्याचा नातू."

काकांचा धंदा सांगायला सोपा आणि पटवायला अवघड. कारखान्याच्या शेडचे खांब, क्रेनचे रूळ, तेलाच्या टाक्या, धुराडी, पूल या गोष्टी जागच्या जागी आहेत का, हे ते बघतात. जागच्या जागी असतील तर गिऱ्हाईक म्हणतं, "मग पैसे कशाचे?" जागच्या जागी नसतील तर म्हणतं, "तुमचं यंत्र चुकलं." या दोन वाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत काकांनी संसार केला आहे.

त्यातून त्यांनी ठाण मांडलं ते पीण्यात. पीण्या हा मायक्रॉनवाल्यांचा गाव. इथे गल्लीबोळातल्या शेडमध्ये सीएनसी यंत्रं आहेत, आणि भोक वीस मायक्रॉनने मोठं झालं म्हणून अख्खी रास भंगारात जाते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणजे इथली भांडणं केसाच्या चिरफळ्यांवरून चालतात. अशा ठिकाणी मिलिमीटर म्हणजे मैलच. काका मूळचे इथल्याच एका मशीन टूल कारखान्यातले फिटर. मायक्रॉन सोडून ते मिलिमीटरवर आले तेव्हा जुन्या सोबत्यांना वाटलं, सोनाराने लाकडाच्या वखारीत नोकरी धरली. काकांचं उत्तर ठरलेलं : "धा मीटर उंचावरच्या खांबाचा एक मिलिमीटर हात न लावता मोजून दाव, मग तुझा मायक्रॉन सांग."

हात न लावता मोजण्याचं हे तंत्र त्यांनी मला एका दर्शिनीत समजावलं. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं उडुपी हॉटेल. समोर बाय-टू, म्हणजे एकाची दोघांत वाटलेली, कॉफी होती. "हे यंत्र म्हंजे आंधळ्याची काठी," काका म्हणाले. "फकस्त काठी उजेडाची, आन् सेकंदाला धा लाख बारी टेकतीय." यंत्राच्या पोटात एक आरसा वर-खाली गरगरतो आणि यंत्र स्वतःभोवती सावकाश फिरतं. लेझरचा किरण भिंतीवर आपटून परततो. त्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. अंतरात एका मिलिमीटरचा फरक म्हणजे प्रकाशाच्या जाण्यायेण्यात सेकंदाच्या दीडशे अब्जाव्या भागाचा फरक. प्रत्येक ठिपक्याला लांबी, रुंदी, उंची असे तीन आकडे मिळतात आणि काही मिनिटांत सगळी शेड कोट्यवधी ठिपक्यांची होऊन पडद्यावर उभी राहते. त्याला पॉइंट क्लाउड म्हणतात. काका 'ठिपक्यांचा ढग' म्हणतात, आणि काकू, ठिपके जोडून काहीच काढायचं नसतं हे कळल्यापासून, 'अर्धवट रांगोळी'.

एकेक ठिपका तसा भरवशाचा नसतो, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतो. पण हजारो ठिपक्यांमधून एक सपाटी बसवली की एकेकट्याच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि भिंत खरं बोलू लागते. मला वाटतं लोकशाही म्हणतात ती हीच. काकांना तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "व्हय, पर ठिपकं एकामेकाला विचारून मत देत न्हाईत."

मी हिशेबनीस. पीण्याच्या तिसऱ्या फेजमधल्या एका जॉबवर्कच्या कारखान्यात पावत्या सांभाळतो. आमची गाठ पडली ती दहा टनी क्रेनमुळे. शेडच्या माथ्यावर रुळांवरून चालणारी ही क्रेन एका ठरावीक जागी आली की डुक्कर कापल्यासारखी ओरडायची. मालकांचं मत, ऑपरेटर दारू पितो. ऑपरेटरचं मत, मालक वंगणाला पैसे देत नाहीत. फिटरने रुळाखाली पत्र्याच्या शिमा सारून सारून तिथे सँडविच केलं होतं. मला यातलं काही कळत नव्हतं; मला एवढंच दिसत होतं की क्रेनच्या चाकांचं बिल एका वर्षात दोनदा आलंय. हे मी दर्शिनीत बोललो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने इडली खाली ठेवली आणि विचारलं, "चाक आतनं झिजतंय का भाइरनं?"

एका रविवारी पहाटे चारला काका आले. पहाटे चारला, कारण तेव्हा प्रेस बंद, जमीन हादरत नाही आणि पत्रा तापलेला नसतो. बरोबर तुमकूरचा एक पोरगा, जो काकांचा शिष्य आहे आणि त्यांच्यापेक्षा कमी बोलतो म्हणून अधिक हुशार वाटतो. पुढच्या सीटवर स्कॅनरची पेटी, तिला सीटबेल्ट लावलेला. पोरगा मागे, विनाबेल्ट. या सीटबेल्टला इतिहास आहे. विल्यम लॅम्बटन या इंग्रजाने १८०० साली बंगळुराजवळ पायारेषा मोजून दक्षिणेची मोजणी मांडली आणि १८०२ मध्ये मद्रासहून ती महाप्रचंड त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. १८०८ मध्ये तंजावरला त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकडं झालं. लॅम्बटनने ते स्वतः बसून सरळ केलं. काका ही गोष्ट गेल्याच महिन्यात घडल्यासारखी सांगतात, आणि दरवेळी जोडतात, "तवा गादीवर आपलं सरफोजीराजे हुतं." बंगळुरात शहाजीराजांची जहागीर, तंजावरात सरफोजी, आणि विश्वेश्वरय्यासुद्धा इंजिनिअरिंग शिकले पुण्यातच! काकांच्या नकाशात कर्नाटक आणि तमिळनाडू हा कोल्हापूरचा जरा लांब गेलेला भाग आहे.

तर त्या पहाटे त्यांनी शेडभर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे कागद चिकटवले आणि पांढरे गोळे मांडले. यंत्र दहा-अकरा ठिकाणी उभं राहून बघतं; ते सगळे ढग एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून ही खुणेची ठिकाणं. स्टोअरकीपरला वाटलं होम आहे, त्याने चपला काढल्या. मग काकांनी सगळ्यांना दम भरला : "आता कुणी हालायचं न्हाई. हालणारा माणूस ढगात भुतावानी उमटतोय."

आठवड्याने अहवाल आला. खांब क्रमांक सात माथ्याशी चौदा मिलिमीटर आत झुकलेला. दोन रुळांमधलं अंतर तिथे कमी, म्हणून चाकाची कड रुळाला घासते, म्हणून ओरडा, म्हणून माझी बिलं. मालक खूष. त्यांनी विचारलं, "म्हणजे खांब हलला?"

"कशापास्नं?" काका म्हणाले.

हे काकांचं महावाक्य. बायकोपासून बँक मॅनेजरपर्यंत सर्वांना त्यांनी या एका शब्दाने पिडलं आहे. खांब आज चौदा मिलिमीटर वाकडा आहे हे खरं. पण तो शेड बांधली तेव्हा सरळ होता, हे कुणी पाहिलंय? नकाशात सरळ आहे. नकाशात सगळेच सरळ असतात, लग्नाच्या फोटोसारखे. खांब हळूहळू झुकत असेल तर धोका. जन्मतःच वाकडा असेल तर नुसता स्वभाव. ते ठरवायला चार महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा लागणार आणि आजचा स्कॅन हा आरंभ धरावा लागणार. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा माणूस पैसे घेऊन माहीत नाही म्हणतोय." मला मात्र काका तिथे पहिल्यांदा आपले वाटले. आमच्या शास्त्रात याला ओपनिंग बॅलन्स म्हणतात. तो नसेल तर नफा-तोटा काढणारा माणूस एक तर ज्योतिषी असतो, नाही तर चोर.

चार महिन्यांनी, पुन्हा रविवार, पुन्हा पहाटे चार. दोन ढग एकमेकांवर ठेवले की संगणक फरकाला रंग देतो : काही बदललं नसेल तिथे हिरवा, पुढे आलं असेल तर तांबडा, मागे गेलं असेल तर निळा. कॉन्फरन्स रूममध्ये मोठ्या पडद्यावर सबंध शेड उघडली. मालक, मालकांचे मेहुणे, एचआरच्या बाई, मी. खांब सात : फरक दोन मिलिमीटर. काका म्हणाले, "माझ्या यंत्राची आन् जुळवणीची मिळून खात्री तीन मिलिमीटरची. फरक त्याच्या आत. म्हंजे फरक न्हाई असं न्हाई, फरक हाय असंबी न्हाई." अहवालात त्यांनी लिहिलं होतं : 'मोजता येईल असा बदल आढळला नाही.' खांब वाकडा आहे पण स्थिर दिसतो. रूळ सरकवून घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

तेवढ्यात एचआरच्या बाई म्हणाल्या, "ते खांब पाचजवळ काय आहे?"

पोराने माउस फिरवून जवळ नेलं. खांब पाचजवळ खुर्ची होती. खुर्चीत आमचा रात्रपाळीचा वॉचमन होता. मान डावीकडे, तोंड किंचित उघडं, हात पोटावर. ठिपक्यांचा ढग हलणाऱ्यांना पुसून टाकतो. फोरमन, फिटर, मी स्वतः, सगळे त्या पहाटे तिथे होतो आणि आमच्या नुसत्या विटक्या रेघा उमटल्या होत्या. वॉचमन मात्र मिशीच्या आकारासकट आला होता. आणि कडी म्हणजे, हा दोन स्कॅनमधला फरक दाखवणारा नकाशा होता. चार महिन्यांचं अंतर, तीच खुर्ची, तीच मान, आणि माणूस डोक्यापासून बुटांपर्यंत हिरवागार. पोटाशी तेवढी जराशी पिवळट छटा होती. "त्यो श्वास," काका गंभीरपणे म्हणाले.

वॉचमनला बोलावलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, आपल्याला ओळखलं, आणि काकांकडे बोट करून म्हणाला, "सार, कुणी हलायचं नाही असं यांनीच सांगितलं होतं."

मालक चिडून काही बोलणार, तर काका मध्ये पडले. चांगला बेंचमार्क मिळणं किती अवघड असतं, यावर त्यांनी दहा मिनिटं व्याख्यान दिलं. हलणारी वस्तू मोजायची तर आधी न हलणारी वस्तू हातात हवी. शेडमधल्याच खांबावर खूण केली तर खांबाबरोबर खूणही हलते आणि सगळं आलबेल दिसतं; चोराच्या घरच्या काट्याने चोरी तोलल्यासारखं. म्हणून खुणा हादऱ्याच्या टापूबाहेर, पक्क्या जमिनीत घ्याव्या लागतात, आणि त्यासुद्धा तपासाव्या लागतात. "माझ्या सबंध नोकरीत चार म्हयन्यांत शून्य हाललेली एकच वस्तू सापडली. तिला काढू नका." मालक हसले. वॉचमन राहिला.

उन्हाचं काकांना वैर आहे. काँक्रीट तापलं की पसरतं : तीस मीटरचा गाळा, दहा अंश तापमान वाढलं, की तीन मिलिमीटरने लांब. एकदा एका गिऱ्हाइकाने पहिली मोजणी काकांकडून जानेवारीतल्या पहाटे करून घेतली आणि दुसरी, स्वस्तात पडते म्हणून, भलत्याकडून एप्रिलच्या भर दुपारी. मग घाबरून फोन : इमारत वाढतेय! काका थर्मामीटर घेऊन गेले आणि परत आले. बिल पाठवलं नाही. म्हणाले, "ऊन मोजायचं पैसं कसं घेऊ?"

घरी या सगळ्याचा व्हायचा तो परिणाम झाला आहे. दिवाणखान्याच्या चार भिंतींवर चौकटीचे कागद आहेत. काकूंनी त्यांतल्या एकावर अंबाबाईचं कॅलेंडर लटकावलं आहे, कारण भिंत हलली की नाही यापेक्षा एकादशी कधी हे त्यांना अधिक वेळा लागतं. स्वयंपाकघरातल्या एका तड्यावर काकांनी काचेची पट्टी दोन्हीकडून चिकटवून खाली तारीख घातली आहे. तडा रुंदावला तर काच फुटेल. हा उपाय लेझरच्या कितीतरी आधीचा, आणि वडिलांनी शिकवलेला. काच अकरा वर्षांत फुटली नाही. एकदा फुटली, पण ती मोलकरणीच्या झाडूने, आणि त्या रात्री काका झोपले नाहीत.

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला काकूंनी चारचौघांत विचारलं, "अजून तेवढंच प्रेम आहे का हो?" आम्ही केक हातात घेऊन बघत होतो. काका विचारात पडले आणि म्हणाले, "मोजता येईल असा बदल आढळला न्हाई." काकू रुसल्या. यापेक्षा मोठी कबुली या माणसाकडून मिळणं शक्य नाही, हे त्यांना समजावायला आम्हाला संध्याकाळ लागली.

पीण्यात खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, लेथपासून लॉरीपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा असतात आणि रस्त्यावर कुंकवाने भरलेले कोहळे फुटतात. दुपारी सबंध वसाहत तांबडी आणि निसरडी. स्कॅनरचीही पूजा होते, पण काका आरशावर हात ठेवून उभे. कुंकू फक्त ट्रायपॉडच्या पायाला, तेही एकच बोट. एका वर्षी तुमकूरच्या पोराने पूजेच्या निमित्ताने यंत्र चालू करून काकांचाच स्कॅन घेतला, आणि मागच्या नवमीच्या स्कॅनवर तो बसवला. बाकी सर्व हिरवं. मधोमध तांबडा फुगवटा, अडतीस मिलिमीटर. काकांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "जेवणाच्या आधी घेतलावता का नंतर? दोन्ही बारी एकाच वक्ताला घ्यायला पायजे." आणि चेहऱ्यावर समाधान असं की पोरगा तयार झाला.

पीण्याचा पूल हा मात्र काकांचा हळवा विषय. तुमकूर रस्त्यावर गोरगुंटेपाळ्यापासून पुढे चार किलोमीटरहून लांब गेलेला हा उड्डाणपूल २०१० मध्ये खुला झाला. २५ डिसेंबर २०२१ ला तो एकाएकी बंद झाला. १०२ आणि १०३ क्रमांकाच्या खांबांदरम्यानच्या केबलींत बिघाड सापडला होता. खालच्या रस्त्यावर ट्रक, बस, रिक्षा आणि आम्ही असा मुरांबा झाला. मेट्रोत लोक शिव्या द्यायचे. काका खिडकीतून रिकाम्या पुलाकडे बघत म्हणायचे, "डाक्टरनं पेशंटला निजवला, तर नातेवाइकानं बोंबलू न्हाई."

प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट म्हणजे काय, हे मला त्याच खिडकीत कळलं. "बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवत्यात? तापवून, फुगवून. गार झाली की ती आवळून बसती, मग लाकूड फाकत न्हाई. पुलाच्या पोटात पोलादी केबली तशा ताणून बसवल्यात. काँक्रीटला त्यांनी आवळून धरलंय. धाव गंजली तर चाकाचं काय?" मी विचारलं, मग तुमचं लेझर काय करत होतं? या प्रश्नावर एखादा धंदेवाईक माणूस जाहिरात सुरू करतो. काका म्हणाले, "माझं यंत्र तोंड बगतंय. दुखणं पोटात हुतं. पोटातली केबल गंजली तरी तोंडावर कळा उतरायला वेळ लागतोय, आन् कवाकवा उतरतच न्हाई." पुलाची तपासणी भारतीय विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी केली. त्यांच्या कामाबद्दल काका बोलताना एकेरीवर कधी येत नाहीत.

१६ फेब्रुवारी २०२२ ला हलकी वाहनं सुरू झाली, अवजड नाहीत. या पुलाचे गाळे १२०, प्रत्येकात दहा केबली, म्हणजे १२००. प्रत्येक गाळ्यात दोन जादा केबली घालायचं ठरलं : २४०. जानेवारी २०२४ मध्ये तीन दिवस पूल पुरता बंद ठेवून त्यावर भाराची चाचणी झाली. अशा चाचणीचं तत्त्व काकांना अतिशय प्रिय आहे. भरलेले ट्रक पुलावर उभे करतात, पूल किती वाकला ते मोजतात, मग ट्रक काढतात आणि तो किती परत आला ते मोजतात. प्रीस्ट्रेस्ड पुलाने वाकण्यापैकी किमान ८५ टक्के परत आलं पाहिजे, साध्या आरसीसीने ७५. वाकल्याबद्दल कुणी नावं ठेवत नाही. काकांनी हे माप माणसांना लावून ठेवलंय. लॉकडाऊनमध्ये पीण्यातले सगळे वाकले. कोण किती परत आला याची त्यांच्या वहीत यादी आहे. आमचे मालक ९०. मी ७०, म्हणजे आरसीसीतही नापास. हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

२९ जुलै २०२४ पासून अवजड वाहनंही वर गेली, पण देखभालीसाठी शुक्रवारी सकाळी सहा ते शनिवारी सकाळी सहा त्यांना बंदी घालून. काका याला 'पुलाचा शुक्रवार' म्हणतात. काकूही शुक्रवार करतात. त्या दिवशी दोघांनाही जड काही देऊ नये, असा घरात नियम आहे.

काकांची थट्टा थांबते ती एकाच ठिकाणी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत पडल्या. माणसं घरी पोहोचली नाहीत. मी एकदा सहज म्हणालो, तिथे दरवर्षी स्कॅन झाला असता तर? कुणीही 'हो' म्हणेल असा प्रश्न. काका बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "पाण्याखालचं माझ्या यंत्राला दिसत न्हाई," ते म्हणाले. "पायाशी काय झालंय ते मी वरनं कसं सांगू? सांगितलं असतं तर खोटं सांगितलं असतं." मग थोड्या वेळाने : "पर वरचं तरी मोजून ठिवायचं की राव. फीत कापायला समदी येत्यात. त्याच दिवशी एक स्कॅन घ्या म्हणतो मी. पयला. नंतर सापडत न्हाई त्यो."

पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चची गोष्टही ते मग सांगतात. अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेतिहासाच्या प्राध्यापकाने ते चर्च लेझरने ठिपका ठिपका मोजून ठेवलं होतं, निव्वळ ते कसं बांधलं असेल या कुतूहलापोटी. टॅलन २०१८ मध्ये वारला. १५ एप्रिल २०१९ ला चर्चला आग लागली, आणि पुन्हा उभारणाऱ्यांच्या हाती त्याचे ठिपके होते. काका त्याला टॅलनसाहेब म्हणतात. दिवाणखान्यात विश्वेश्वरय्यांच्या फोटोशेजारी एक खिळा रिकामा आहे. टॅलनसाहेबांचा फोटो तिथे लागणार आहे, पण खिळा दोन मिलिमीटर खाली बसल्यामुळे काम थांबलंय.

परवा शुक्रवारी दर्शिनीत गाठ पडली. रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली, वर पूल हलका. आमच्या टेबलावर दोघांची जागा होती, तिसरा माणूस प्लेट घेऊन आला आणि म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि." मी काकांकडे बघितलं. काका सरकले. म्हणाले, "अ‍ॅडजस्टमेंट आमच्या सर्व्हेतबी हाय की. मोजणीत चूक निघाली की ती एकाच्या डोस्क्यावर घालत न्हाईत, समद्या खुणांत थोडीथोडी वाटून टाकत्यात. ह्या लोकांनी शब्द बराबर धरलाय." आणि वहीत काहीतरी टिपलं. काय ते विचारलं, तर सरकलेलं अंतर होतं.

रूळ सरकवल्यापासून क्रेन ओरडलेली नाही आणि चाकांचं बिल माझ्याकडे आलेलं नाही. पुढचा स्कॅन येत्या रविवारी पहाटे चारला आहे. वॉचमन तोच आहे, खुर्चीही तीच.